बसायला जागा

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या इकडच्या येळवशीला, मंठाळ गावात शोधून माणूस सापडत नाही. सगळं गाव रानात असतं. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले असतात, बिंदगीत, म्हणजे घागरीत, आंबील असते, भाज्या-शेंगांच्या भज्जीचा वास या बांधावरून त्या बांधावर फिरत असतो. आणि वाटेनं जाणारा कुणीही असो, ओळखीचा असो की परका, त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं ही इकडची रीत. त्या दिवशी भर शिवारात उभ्यानं जेवणारा माणूस एकच, अंबाजी विहीरवाला. तो बांधाला उभा राहतो, पत्रावळ डाव्या तळव्यावर धरतो, चार घास खातो आणि चालू लागतो. एखादा नवखा जावई म्हणतो, "बसा की मामा, जागा काय कमी हाय का?" मग सासरा त्याला डोळ्यानं दटावतो आणि दुसराच विषय काढतो.

अंबाजीचं सांगायचं तर सिद्धप्पाचं सांगावं लागतं. एकट्या अंबाजीचं असं आयुष्यात फारसं काही उरलेलंच नव्हतं.

तो भालकीकडचा. बापाचं थोडं रान, बायको, एक मुलगी. रझाकारांच्या धामधुमीत त्यानं दोघींना गावकऱ्यांच्या गाडीत बसवून हद्दीपलीकडच्या छावणीत धाडलं आणि स्वतः बैलांसाठी मागं राहिला. बैल राहिले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य बुडालं, लोक गुलाल उधळायला लागले, तेव्हा हा दोघींना आणायला छावणीत गेला. तिथं पटकी येऊन गेली होती. एका म्हाताऱ्यानं ओढ्याकडं हात केला आणि म्हणाला, "तुजी मान्सं तिकडंच कुटंतरी." एवढा मोठा ओढा, सगळीकडं राख, त्यातली आपली कुठली? अंबाजी तिथं उभा राहिला आणि परत फिरला. गावी आला तर रान भावकीनं पेरलेलं. भांडायला अंगात जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता. बैल कुणाला तरी देऊन टाकले आणि हातातली दोरी टाकावी तसं गाव टाकलं.

सिद्धप्पा त्याला भेटला भालकीच्या बाजारात, मजूर उभे राहतात त्या वडाखाली. हा कडगंचीचा, लिंगवंत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, देह काटकुळा. लग्न झालं नव्हतं. भावांच्या घरात ओसरीवर झोपायचा, पुढं त्या ओसरीत म्हैस बांधली आणि ह्याची वाकळ अंगणात आली. म्हशीला दूध होतं, ह्याला काय होतं? एके दिवशी वाकळ खांद्यावर टाकून तो निघाला, आणि त्याला परत बोलवायला कुणी आलं नाही.

त्या सालांत जो तो विहीर काढत होता. काम खरं वडारांचं, पण पोटाला जात नसते. ह्या दोघांची जोडी जमली ती अशी: सिद्धप्पा खाली, अंबाजी वर. सिद्धप्पा पहार आणि सुत्ती, म्हणजे घण, घेऊन खडकाला भिडायचा, अंबाजी रहाटावर उभा राहून दगडाची पाटी वर ओढायचा. अंबाजीला खोल जागेचं भय होतं, काठावरून खाली बघितलं तरी त्याचे हात गार पडत. सिद्धप्पानं त्याला त्यावरून कधी चिडवलं नाही. "तू वर ऱ्हा," तो म्हणायचा, "वर आपलं कुनीतरी पायजे की. न्हाईतर मला काढील कोन?"

मंठाळ, आळंद, बसवकल्याण. विहिरी झाल्या, पाणी लागलं, लोकांचे मळे हिरवे झाले. कुणाची म्हैस अन् कुणाला उठबैस, तसला धंदा. विहीर झाली की ह्यांचं बिऱ्हाड उचललं. कधी गोठ्यात, कधी मारुतीच्या पारावर, कधी शेताच्या खोपीत. ह्या भटकंतीत अंबाजी सिद्धप्पाकडून कानडी शिकला, आणि त्यात आधी दोनच शब्द शिकला. एक 'कुंद्रु', म्हणजे बस. दुसरा 'एळु', म्हणजे ऊठ. पहिला त्याला सिद्धप्पा म्हणायचा, दुसरा बाकी सगळे. पारावर टेकलं की पुजारी, ओसरीवर टेकलं की घरमालक, दुकानाच्या पायरीवर टेकलं की दुकानदार. दोघांच्या अंगावर गाळाचे कपडे, त्यांना बसा कोण म्हणणार?

म्हणून सिद्धप्पाचं एकच म्हणणं होतं. संध्याकाळी चुलीपुढं बसला की तो ते काढायचाच.

"एक गुंठा रान पायजे गड्या. जास्ती न्हाई."

"गुंठ्यात काय पिकवनार तू?"

"पिकवाचं न्हाई. बसाचं. दगडाचा कट्टा घालाचा, सांजच्याला दोगं बसाचं, येनाऱ्या-जानाऱ्याला राम राम म्हनाचं. कुनी उटवायला येत न्हाई. आन् मी मेल्यावर मला तितंच खाली बसवाचं. आमच्यात झोपवत न्हाईत, बसवतेत."

"म्हंजे तू खाली आन् मी वर. हितं बी तेच?"

"मंग? जोडी मोडू नये."

अंबाजी हसायचा आणि त्याचा पाय ओढून मांडीवर घ्यायचा. गार पाण्यात उभं राहून राहून सिद्धप्पाचे गुडघे गेले होते, संध्याकाळी ते फुगायचे, मांडी घालता यायची नाही. अंबाजी करडीचं तेल पळीत गरम करून रोज त्याचे गुडघे चोळायचा. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत वर. हे काम त्याला आवडायचं. आपल्या हातानं कुणाला तरी बरं वाटतंय, ही गोष्ट त्या माणसाला फार दिवसांनी मिळाली होती.

"जलमभर उकिडवा बसून खडक फोडलाव," सिद्धप्पा म्हणायचा. "मेल्यावर मांडी घालून ताठ बसनार मी, गद्दीवरल्या सावकारावानी. बसवशील न्हवं?"

"बसवतो की. आदी मर तर खरं."

"आन् हे गुडघे वाकले न्हाईत तर?"

"तर तुला उलटा टाकतो विहिरीत," अंबाजी म्हणायचा, आणि दोघं चुलीचा जाळ विझेपर्यंत हसायचे.

मंठाळच्या अमृतप्पानं त्यांना विहिरीला लावलं तेव्हा बोली अशी झाली: पाणी लागलं की बांधाच्या कोपऱ्यात खोप घाला, मोट हाका, इथंच राहा. अमृतप्पा लिंगवंतच, घरचा बरा, देवाधर्माचा. त्याचं हे बोलणं ऐकल्यापासून सिद्धप्पा खडकावर असा तुटून पडला की अंबाजीला वर पाटी ओढायला उसंत मिळेना. खोकला लागला होता, ताप यायचा, पण ऐकतो कोण? "आपलीच विहीर हाय समज," म्हणायचा. दसऱ्याच्या आधी खडक फुटला आणि पाण्याचा झरा त्याच्या छातीवर आला. तो वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि तोंड हसत होतं.

विहिरीतून निघालेल्या दगडांचाच त्यांनी कोपऱ्यात कट्टा घातला. मोठं काही नाही, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा. सपाट दगड वर, गाळाच्या मातीनं सांधे भरलेले. पहिल्या दिवशी सिद्धप्पानं अंबाजीचा हात धरला आणि अदबीनं म्हणाला, "कुंद्रु." समोर ज्वारीचं रान, पलीकडं गाडीवाट. त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला सिद्धप्पा राम राम घालायचा, आणि कुणी उलट राम राम घातला की अंबाजीकडं बघायचा. माणसाला सुख सोसत नाही म्हणतात. ह्यांना ते सोसायच्या आतच सरलं.

झालं असं की सरकारचा कुळकायदा गावात पोचला. महसूल खात्याचा गिरदावर चावडीवर येऊन सांगून गेला की जो रानात बसलाय, रान कसतोय, त्याचं नाव कागदाला लागणार. कायदा गरिबांसाठीच होता, त्यात खोट काढायची नाही. पण पाऊस सगळ्यांसाठी पडतो आणि वाहून जाते ती खोपच. ज्यांच्याकडं रान होतं ते दचकले, आणि रानात बसलेल्या माणसांना उठवायला लागले. अमृतप्पा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. तो आला, कट्ट्यापुढं उभा राहिला आणि जमिनीकडं बघून बोलायला लागला.

"अंबाजी, तुमच्या पोटावर पाय द्याचा न्हाई मला. पन दिस कसले आलेत बगायलास न्हवं? आज कट्टा, उंद्या खोप, परवा कागुद. मला बी लेकरं हायत."

"आमी कागुद कशाला करताव मालक? आमाला सही बी येत न्हाई."

"तुमी न्हाई करनार. तुमाला कुनीतरी शिकवील." त्यानं मान वर केली नाही. "सिद्धप्पाला बरं न्हाई, तवर मोटंच्या सपरात ऱ्हावा. येळवस झाली की बगा दुसरीकडं. आन् ह्यो कट्टा... तेवडा काढून टाका."

गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय! अंबाजीच्या हातात त्या वेळी टिकाव होता. तो अमृतप्पाच्या डोक्यात घालावा असं त्याच्या मनात येऊन गेलं, इतकं स्पष्ट की त्याची त्यालाच भीती वाटली. सिद्धप्पा वाकळ पांघरून कट्ट्यावरच बसला होता. तो हळूच खाली उतरला.

"मोड गड्या," तो म्हणाला. "उटवायच्या आत उटावं. तेवडीच इज्जत."

अंबाजीनं कट्टा मोडला. बांधलेला दगड आपल्याच हातानं उपटायचा असतो तेव्हा तो फार जड लागतो. त्या दिवसापासून सिद्धप्पा सपरात पडला तो पडलाच. अमृतप्पाची बायको सावित्रम्मा काढा पाठवायची, दूध पाठवायची. सिद्धप्पा ते अंबाजीला प्यायला लावायचा.

येळवशीच्या दिवशी उजाडताना सिद्धप्पा म्हणाला, "जरा बसव मला. ज्वारी बगू दे."

बाहेर थंडी मी म्हणत होती. अंबाजी पाणी तापवायला चूल फुंकत होता. "वारं लागंल," तो म्हणाला, "पडून ऱ्हा गप." आणि पाणी घेऊन वळला तेव्हा सिद्धप्पा गप झाला होता. अंबाजीनं त्याच्या नाकापुढं हात धरला, मग छातीला कान लावला, मग त्याच्या गळ्यातलं लिंग नीट केलं. रडू आलं नाही. 

मग त्याचे हात कामाला लागले. सिद्धप्पाचे डोळे मिटले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. त्याला उताणा सरळ केला, वाकडे झालेले पाय हलक्या हातानं दाबून सरळ केले, हात बाजूला लावले, पायाचे अंगठे सुतळीनं एकत्र बांधले. अंबाजीच्या जातीत मेलेल्या माणसाला असंच करतात. हेच त्यानं बायकोला करायचं होतं, मुलीला करायचं होतं, आणि कुणीतरी परक्यानं त्यांना ओंडक्यासारखं ओढून जाळलं होतं. आता निदान ह्याला तरी नीट झोपवता येत होतं. तो अगदी मन लावून करत होता. वरून घोंगडी घातली, कडा दुमडल्या. इतकं चांगलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, आणि इतकी मोठी चूकही.

थोड्याच वेळात अमृतप्पाच्या घरची माणसं जेवणाची डालं घेऊन ह्याच रानात येणार होती. सणाच्या दिवशी पांडवांपुढं नैवेद्य, आणि हाकेच्या अंतरावर प्रेत? सांगितलं तर त्यांची येळवस नासणार. वर सिद्धप्पाला घाईघाईनं रानाबाहेर काढणार, एवढी धास्ती त्या मोडलेल्या कट्ट्यानं अंबाजीच्या मनात घालून ठेवली होती. आधी जंगम, म्हणजे लिंगवंतांचा पुरोहित, आणावा, मग सांगावं, असं त्यानं ठरवलं. लिंगवंताला मातीला द्यायचं तर जंगमाशिवाय चालत नाही एवढं त्याला ठाऊक होतं. सपराच्या दाराला ताटवं ओढून तो निघाला.

जंगमाच्या मठाला कडी होती. दारातली आंधळी म्हातारी म्हणाली, "गुरुपादय्या व्हय? गुंडेरावाच्या रानात बोलावलंय त्यास्नी, वड्याकडं." अंबाजी ओढ्याकडं गेला. गुंडेराव पाटलानं त्याला लांबूनच बघितलं आणि हाक मारली.

"ये, ये, विहीरवाल्या! कुंद्रु. बस."

"अय्या आलते का हितं?"

"आलते, पुडं गेले. तू बस आदी."

"घाई हाय पाटील."

"येळवशीला आलेला मानूस बिनजेवता गेला तर रान उपाशी ऱ्हातंय. माज्या रानाचं वाटुळं करायलास का?"

गुंडेरावानं त्याला खांदे दाबून बसवलं. मोठ्या मनाचा माणूस, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. अंबाजीच्या तोंडात शब्द आला होता. समोर लेकरं जेवत होती, म्हातारी आंबिलीची वाटी पुढं करत होती. आपण मेलेल्याचं नाव काढलं की हे सगळं अन्न ओढ्यात जाणार. त्यानं शब्द गिळला आणि घास उचलला.

घास तोंडात गेला आणि त्याला भूक लागली. आजारपणात चुलीकडं धड बघितलं नव्हतं, कित्येक दिवसांचा उपाशी देह, तो थोडाच ऐकतो! अंबाजीनं भज्जी खाल्ली, बाजरीचे उंडे खाल्ले, बायकांनी वाढलं ते सगळं खाल्लं, आणि आंबील पुन्हा मागून प्याला. तिकडं सिद्धप्पा घोंगडीखाली पडलाय आणि इकडं आपण बोटं चाटतोय, हे त्याला दिसत होतं आणि हात थांबत नव्हता. त्याची त्याला एवढी लाज वाटली की पाणी पितानाही त्यानं मान वर केली नाही. आयुष्यभर ज्याला सिद्धप्पाशिवाय कुणी बस म्हणालं नाही, त्याला त्या दिवशी ज्या रानात जाईल तिथं लोक ओढून बसवत होते. पुढच्या रानातही तेच झालं. सगळीकडं 'ओलगे ओलगे' अशा सणाच्या आरोळ्या चालल्या होत्या, लोक आंबील शिंपडत पिकातून पळत होते, आणि दिवस कलायला लागला होता.

गुरुपादय्या सापडले ते पार शिवेवरच्या एका मळ्यात, जेवून हात धूत होते. म्हातारे, तापट, पण आतून मऊ. अंबाजी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात बोलला.

"अय्या, सिद्धप्पा गेला."

"शिव शिव! कवा?"

"उजाडताना."

"टेकून बसवलास न्हवं?"

अंबाजीनं त्यांच्याकडं बघितलं.  बसवशील न्हवं, असं सिद्धप्पानं किती वेळा विचारलं होतं, आणि किती वेळा त्यानं हसत हो म्हटलं होतं!

"झोपवलाव अय्या," तो म्हणाला. "अंगठे बांदून नीट झोपवलाव."

"अरे येड्या," गुरुपादय्या म्हणाले, "दिस कलला की रं."

दोघं पोचले तेव्हा अमृतप्पाकडची जेवणं उरकली होती. सावित्रम्मा डालं आवरत होती. अंबाजीला बघून म्हणाली, "कुटं गेलतास? तो झोपलाय वाटलं, उटवलं न्हाई. ताट झाकून ठिवलंय बग उशाला."  गुरुपादय्यांनी ताटवं बाजूला केलं. सिद्धप्पाच्या उशाशी पितळी ताट झाकून ठेवलेलं होतं, शेजारी आंबिलीचा तांब्या. सावित्रम्मानं आत वाकून बघितलं आणि पदर तोंडात धरला.

"मला सांगाचं तरी," ती म्हणाली. "मी बसवलं असतं रे. माज्या सासऱ्याला मीच बसवलतं."



गुरुपादय्यांनी घोंगडी काढली, गुडघ्याला हात लावून बघितला. सिद्धप्पा लाकडासारखा ताठ झाला होता. खांद्याला धरून उचललं तर टाचेपर्यंत सगळा एकदम उचलला जाई. अमृतप्पाचा भाऊ म्हणाला, "मागून शिरा तोडल्या की वाकतंय. करतेत लोक." गुरुपादय्या म्हणाले, "न्हाईतर आडवाच द्यावा लागतोय मातीला. काय करनार!"

"हात लावू नगा त्याला," अंबाजी म्हणाला. असा आवाज त्याच्या तोंडून पूर्वी कुणी ऐकला नव्हता. "अक्का, करडीचं तेल हाय का? गरम करून द्या."

सावित्रम्मानं सणाच्या चुलीवर पळी धरली. अंबाजी सपरात बसला, सुतळी सोडली आणि सिद्धप्पाचे पाय मांडीवर घेतले. आधी बोटं. मग घोटा. मग गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत वर, रोजच्यासारखं. तेल गार झालं की सावित्रम्मा दुसरं आणून द्यायची. तो सिद्धप्पाशी बोलत होता, मोठ्यानं, लोक ऐकतायत ह्याची पर्वा न करता. "वाक की गड्या. रोज वाकतास, आज कामून हट्ट करायलास? चुकलं माजं. वाक." बोटं सैल झाली, घोटे हलले. गुडघे काही ऐकेनात. अंबाजीच्या नाकावरून घाम गळत होता, आणि त्या घामाबरोबर सकाळी न आलेलं रडू एकदाचं आलं. तो रडत होता आणि चोळत होता. शेवटी उजवा गुडघा वाकला, ओली फांदी मोडावी तसा आवाज करून. अमृतप्पानं तोंड फिरवलं. मग डावा.

माती द्यायची कुठं, हा प्रश्न राहिला होता. गुरुपादय्यांनी त्या मोडलेल्या कट्ट्याच्या जागेकडं बोट केलं. "अमृतप्पा, त्या कोपऱ्यात? पुन्य लागंल."

अमृतप्पानं त्या कोपऱ्याकडं बघितलं. "अय्या, गद्दुगी, समाधी झाली की वाट पडतीय रानातून," तो म्हणाला. "रुद्रभूमीत देऊ. मानसं लावतो मी खड्ड्याला. खर्च समदा माजा." आणि खरंच त्यानं लगेच माणसं पाठवली, हार मागवला, काही कमी पडू दिलं नाही.

सिद्धप्पाला बसवून नेला, बाजेला पाठ बांधून, गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर भस्म. जन्मात पहिल्यांदा तो गाडीवाटेनं बसून चालला होता आणि वाटेवरचे लोक उभे राहून हात जोडत होते. दोन्ही बाजूच्या रानांत पेटते हेंडगे, गवताच्या मशाली, घेऊन पोरं बांधाबांधानं पळत होती, आरोळ्या देत होती. सण होता, त्यांना कुणी थांबवलं नाही.

खड्डा खोल होता, एका बाजूला कोनाडा. गुरुपादय्यांनी विचारलं, "खाली कोन उतरतंय?"

अंबाजी काठाशी आला. त्यानं खाली बघितलं, हात गार पडले. वर राहायचा तो, खाली सिद्धप्पा. इतक्या वर्षांचा नेम. मग त्यानं धोतर खोचलं आणि उतरला. गुरुपादय्यांनी रितीप्रमाणं सिद्धप्पाच्या डोक्याला पाऊल लावलं, मग वरच्यांनी त्याला खाली सोडलं, अंबाजीनं कवेत धरला, हलकाच होता. कोनाड्यात पाठ टेकवून बसवला, मांडी घातली, गुडघे दाबून जमिनीला लावले. डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं, वर बेलाचं पान. गुरुपादय्यांनी वरून वाकून मंत्र म्हटला. सिद्धप्पा ताठ बसला होता, गद्दीवरल्या सावकारासारखा.

त्याच्या शेजारी थोडी जागा होती. एक माणूस मांडीला मांडी लावून बसेल एवढीच. अंबाजी तिथं बसला.  मातीचा ओला वास येत होता, लांबून आरोळ्या येत होत्या, आणि खांद्याला सिद्धप्पाचा खांदा लागत होता. कट्ट्यावर बसायचे तेव्हा असाच लागायचा. अंबाजीला वाटलं, इथं काही वाईट नाही. इथून कोण उठवायला येतंय?

मग गुरुपादय्यांनी खाली हात दिला. त्यांचा आवाज तापट नव्हता.

"एळु, अंबाजी," ते म्हणाले. "एळप्पा. माती लोटाची हाय."

अंबाजी उठला. सिद्धप्पा बसून राहिला.